झडीतलं बसणं आणि पोळ्याचं बसणं

प्रिय पोरी,

परवा तू फोनवर दहा मिनिटं बोललीस आणि त्यातली सात मिनिटं स्वतःला नावं ठेवण्यात गेली. "बाई, मी आळशी झाली. दिवसभर पुस्तक उघडं राहते आन् हातून एक उत्तर लिहून होत नाही." मी तेव्हा "होईल, होईल" म्हणाले, पण फोन ठेवल्यावर मला स्वस्थ बसवेना. तेवढ्या शब्दांनी भागणारं ते दुखणं नव्हतं. म्हणून हे पत्र.

पहाटे पाचला उठून पाणी भरणारी, आठवड्यातून तीन दिवस आईसोबत निंदणाला जाणारी, पूर्व परीक्षा पहिल्याच खेपेला काढणारी मुलगी आळशी असते का? तुझं घोडं अडलंय ते मुख्य परीक्षेच्या उत्तरलेखनापाशी. २०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली. नऊ पेपर. आता पर्यायाचा गोल काळा करून सुटका नाही, कोऱ्या कागदावर स्वतःचं वाक्य मांडावं लागतं. तुझी ती दोनशे पानी वही मी पाहिली आहे. पहिल्या पानावर तारीख, तिच्याखाली प्रश्न, प्रश्नाखाली लाल शाईची दुहेरी रेघ, पट्टीनं मारलेली. पुढं सगळी पानं कोरी. ती सरळ रेघ पाहून मला गलबलून आलं. जिला काम टाळायचंच असतं, ती इतकी नीट रेघ कशाला मारेल?

आता मला जे सांगायचंय ते सांगते. मागच्या पंधरवड्यात पाच दिवस पावसाची झडी लागली होती. वावरात पाय टाकायची सोय नव्हती, काळ्या मातीत पाऊल रुतलं की चप्पल आतच राहायची. तुझे बाबा पाचही दिवस ओसरीवर बसून होते. मी आले तेव्हा पाहिलं. चहा हातात, पण नजर आभाळाकडे. दर पाच मिनिटांनी उठायचे, अंगणापर्यंत जायचे, परत यायचे. पऱ्हाटीत तण माजलं असेल, पाणी साचून झाडं पिवळी पडली असतील, फवारणी राहिली. पाच दिवस काहीही काम न करता तो माणूस जितका थकला, तितका बैलांमागं चालत डवरणी करायच्या दिवसांतही थकत नाही.

आणि आता पोळा येतोय. पोळ्याच्या दिवशी डवरा गोठ्याच्या भिंतीला टेकलेला असतो, जू खुंटीला. निंदण पुरतं झालेलं नसतं, कधीच होत नाही. तरी "या वर्षी काम लई राहिलं, पोळा आठ दिवसांनी करू" असं म्हणणारा शेतकरी मी माझ्या सगळ्या आयुष्यात पाहिला नाही. बैलाची सुट्टी कामाचा हिशेब पाहून ठरत नाही. ती अमावस्येला ठरलेली आहे, आणि काम तिच्या अलीकडे-पलीकडे आपली जागा करून घेतं.

त्यातही मला आदल्या दिवसाचं फार अप्रूप आहे. खांदशेकणीच्या संध्याकाळी माझे बाबा गंगाळात पाणी गरम करायचे. जू घासून घासून खांद्यावरची कातडी जिथं जाड आणि काळी झालेली असते, तिथं गरम फडकं दाबून धरायचे. मग दोन बोटांवर हळद-तूप घेऊन ते हळूहळू जिरवायचे. एका खांद्याला बराच वेळ लागायचा. बैल मान लांबवून, डोळे अर्धे मिटून उभा असायचा, कानसुद्धा हलवायचा नाही. शेवटी बाबा त्याच्या कानाशी वाकायचे आणि म्हणायचे, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." लहानपणी मला वाटायचं, बैलाला काय कळतं? आज वाटतं, ते म्हणणं बाबांनाही बांधून घालणारं होतं. आवतन दिलेल्या पाहुण्याला दुसऱ्या दिवशी कामाला जुंपता येत नाही.

पोरी, तुझं सध्याचं बसणं झडीतलं आहे. पुस्तक पुढ्यात, मोबाईल हातात, जीव अभ्यासात अडकलेला. धड काम नाही, धड विसावा नाही. गेल्या वर्षभरात तू भजनाला जाणं सोडलंस, मावसबहिणीकडे जाणं सोडलंस, आठवडी बाजाराला आईसोबत जायचीस तेही सोडलंस. सगळं परीक्षा होईपर्यंत पुढं ढकललं. आणि एवढं सोडून हाती काय आलं, तर रात्री साडेबारापर्यंत अंथरुणात रील्स. ती रात्रीची दीड-दोन तासांची चोरी तू हौसेनं करत नाहीस. दिवसभरात तुझं म्हणून काहीच मिळालं नाही, ते मन रात्री ओढून घेतं.

नील फिओरे नावाचे एक अमेरिकी मानसशास्त्रज्ञ आहेत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले इथल्या विद्यार्थ्यांचं समुपदेशन त्यांनी केलं. पीएच.डी.चा प्रबंध वर्षानुवर्षं रेंगाळणारे आणि लवकर संपवणारे, असे दोन्ही प्रकारचे विद्यार्थी त्यांनी जवळून पाहिले. लवकर संपवणारे जास्त घासत होते असं नाही. उलट खेळ, मित्र, पोहणं, फिरणं याला त्यांच्या आठवड्यात पक्की जागा होती. रेंगाळणारे कायम कामाच्या ओझ्याखाली, सगळी मौज पुढं ढकलून बसलेले. त्यावरून १९८० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी एक उलटं वेळापत्रक मांडलं. त्यात आधी विसावा लिहायचा, काम लिहायचंच नाही. काम झाल्यावर नोंदवायचं. पुढं २०१३ मध्ये फ्युशिया सिरॉइस आणि टिमथी पिचिल या दोन अभ्यासकांनीही मांडलं की चालढकल ही घड्याळापेक्षा मनःस्थितीची गोष्ट जास्त आहे. काम समोर आलं की आत जे नकोसं वाटतं, ते क्षणभर टाळायला आपण काम पुढं लोटतो. म्हणजे स्वतःला जितकं झोडपशील तितकं ते काम आणखी नकोसं होणार.

मला हे पटायला पुस्तकाची गरज पडली नाही, मी त्यातून गेले आहे. नोकरी लागल्यावर मी मराठीचं एम.ए. बहिःस्थ करायला घेतलं. दोन वर्षांचं काम, मला पाच वर्षं लागली. पहिली तीन वर्षं मी सणाला माहेरी गेले नाही, कुणाच्या लग्नात दोन दिवस राहिले नाही, आणि पुस्तकही वाचलं नाही. चौथ्या वर्षी थोरल्या जाऊबाईंनी मला रोज संध्याकाळी शाळेतून आल्यावर अष्टा-चंगा खेळायला बसवायला सुरुवात केली. त्यांनी दोन चिंचोके ओट्याच्या दगडावर घासून घासून मधोमध फोडले होते. एक बाजू तपकिरी चकचकीत, दुसरी पांढरी. फरशीवर कोळशानं घरं आखलेली. सहा ते सात खेळ, सातला स्वयंपाक. कुणीही आलं तरी त्या उठायच्या नाहीत, मलाही उठू द्यायच्या नाहीत. महिनाभरात माझ्या लक्षात आलं की साडेआठला मी न कुरकुरता पुस्तक घेऊन बसते आहे. उद्या सहा वाजता खेळ आहेच, हे पक्कं ठाऊक असलं की आजचा अभ्यास म्हणजे जन्मठेप वाटत नाही.

आणि तरीही पुढं सगळी नोकरी मी वर्गात काय सांगत राहिले? "आधी अभ्यास, मग खेळ." तुलाही सांगितलं. पाढे आणि शुद्धलेखन यांच्यापुरतं ते ठीक होतं, कारण ते अर्ध्या तासात संपायचं आणि "मग" खरोखर यायचं. राज्यसेवेचा अभ्यास संपत नाही. त्याच्यापुढं "मग" येतच नाही. मी तुला चुकीचं शिकवलं, आणि ती चूक मला आज दुरुस्त करायची आहे.

एक मोठा कागद घे. कॅलेंडरचं उलटलेलं पान चालेल. सात उभे रकाने पाड, आडवे अर्धे-अर्धे तास. हिरव्या पेनानं ज्याला इलाज नाही ते आधी भर: झोप, पाणी, स्वयंपाक, निंदणाचे तीन दिवस. मग लाल पेन घे आणि तुझं स्वतःचं लिही. संध्याकाळच्या प्रार्थनेनंतरचं भजन, आठवड्यातून तीनदा. बाजाराचा दिवस. मावसबहिणीकडची एक दुपार. मोबाईलसुद्धा लिही, रोज रात्री साडेनऊ ते दहा, उजळ माथ्यानं. लपून पाहिलेल्या दोन तासांपेक्षा लिहून पाहिलेला अर्धा तास अंगी लागतो. अभ्यास कुठंही लिहू नकोस.

आता कोरे राहिलेले चौकोन मोज. मी तुझ्यासाठी अंदाजे हिशेब केला. आठवड्याचे तास १६८. झोपेचे ५६, घरकामाचे २८, वावरातले १८, जेवण-आंघोळीचे १४, बाजाराचे ४, तुझ्या लाल पेनाचे १०. उरतात ३८. तू म्हणतेस, "अख्खा दिवस मोकळा असून मी काही करत नाही." अख्खा दिवस तुझ्याकडे कधीच नव्हता. जो नव्हता त्याचं पाप तू वर्षभर वाहते आहेस. आणि दुसरी बाजूही बघ, ३८ म्हणजे काही अमर्याद नाहीत, त्यामुळे "आज नाही तर उद्या" म्हणायलाही फार जागा नाही.

त्या कोऱ्या चौकोनात बसायचं ते फक्त अर्धा तास. एक प्रश्न, अर्धा तास, मोबाईल आईच्या पदराला बांध नाहीतर पाटीखाली झाक. उत्तर वाईट झालं तरी चालेल, अर्धवट राहिलं तरी चालेल. अर्धा तास सलग झाला की मगच तो चौकोन निळ्या पेनानं रंगव. वीस मिनिटांत उठलीस तर रंगवू नकोस, पण स्वतःला बोलही लावू नकोस. फिओरे म्हणतात की हातातलं काम दिवसाला पाच तासांच्या आणि आठवड्याला वीस तासांच्या वर नेऊ नये. पाच तासांचं मला पटतं. वीस तास मात्र तुझ्या नऊ पेपरांना अपुरे आहेत, मी पंचवीसपर्यंत जाऊ देईन. पण पहिल्या आठवड्यात सहा निळे चौकोन झाले तरी मला फोन करून सांग, मला आनंद होईल. आणखी एक: उत्तर पूर्ण संपवून उठू नकोस. पुढचं वाक्य सुचलेलं असताना उठ. दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानापुढं बसावं लागत नाही.

खरी अडचण घरात येईल, हे मला माहीत आहे. तुझा भाऊ संध्याकाळी क्रिकेटला जातो तेव्हा त्याला कुणी विचारत नाही. तू भजनाला निघालीस की कुणीतरी म्हणणारच, "परीक्षा हाय ना तुही? भजनाले वेळ हाय, अभ्यासाले नाही?" मुलीचा मोकळा वेळ हा घरात सगळ्यांच्या मालकीचा असतो. कुणाला चहा हवा, कुणाचा शर्ट हवा, आणि ती नुसतीच बसली आहे. म्हणून तो कागद आत कपाटात ठेवू नकोस. स्वयंपाकघराच्या दारावर लाव, लाल चौकोनांसकट. आईला वाचून दाखव. तिनं आयुष्यात स्वतःसाठी एक तास लिहून ठेवलेला नाही, त्यामुळं तिला आधी ते विचित्र वाटेल. रागावू नकोस तिच्यावर. मी पोळ्याला तुमच्याकडे पुरणपोळी खायला येणारच आहे. तुझ्या बाबांशी मी बोलेन. बैलाला आवतन देणाऱ्या माणसाला ही गोष्ट समजावणं मला अवघड जाणार नाही.

आज रात्री अभ्यासाला बसू नकोस. माळ्यावरून खंजेरी काढ. वर्षभर हात लागला नाही, त्यात ही झडी, कातडं सैल पडलं असेल आणि आवाज भदभद येईल. चुलीच्या आचेपासून हातभर लांब धर, फिरवत राहा, मधून मधून बोटानं वाजवून बघ. टणक आवाज आला की थांब, जास्त तापलं तर कातडं तडकतं. उद्या प्रार्थनेला जाताना घेऊन जा.

तुझ्या,
बाई