मान्ना : घबाड, प्रसाद की रतीब?

विचारणा अशी आहे. एक ताई ज्यू धर्मविचारावरच्या छोट्या लेखाचं मराठी भाषांतर करताहेत. लेखाचा विषय देवावरचा भरवसा, आणि त्यात ‘मान्ना’ हा शब्द सारखा येतो. त्यांनी आधी ‘घबाड’ लिहिलं, ते खोडून ‘अमृत’ केलं, मग ‘प्रसाद’. यांतलं काय ठेवावं की मूळ शब्दच राहू द्यावा, आणि राहू दिला तर मन्ना, मॅना की मान्ना? शिवाय मराठीतल्या ‘मान’, ‘मानणे’ किंवा ‘अन्न’ यांच्याशी त्याचं काही नातं आहे का, असंही त्यांनी विचारलं आहे.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे: नातं नाही. ‘मान्ना’त ‘अन्न’ ऐकू येतं आणि अर्थही अन्नाशी जुळतो, म्हणून मोह होतो. पण हा निव्वळ योगायोग. मूळ हिब्रू शब्द आहे ‘मान’. ग्रीकात त्याचा ‘मान्ना’ झाला, लॅटिनने तोच उचलला आणि मराठी बायबलातही तोच रूढ झाला. अरबीत ‘मन्न’ आहे. कुराणात तो ‘सलवा’ या पक्ष्यांच्या जोडीने येतो, म्हणून उर्दू जाणणाऱ्यांच्या कानावर ‘मन्न-ओ-सलवा’ असतं. ‘मॅना’ हा मात्र इंग्रजी उच्चार आहे, त्याची मराठीला गरज नाही.

आता मूळ गोष्ट थोडक्यात. मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, गुलामीतून सुटलेले इस्राएल लोक सीनायच्या वाटेवर रानात उपाशी पडले. एका सकाळी दव उडून गेलं आणि जमिनीवर बारीक, हिमकणांसारखं काहीतरी दिसलं. बायबलमधल्या ‘निर्गम’ या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायातलं वाक्य असं आहे: ते एकमेकांना म्हणाले, ‘मान हू’, कारण ते काय आहे (‘मा हू’) हे त्यांना ठाऊक नव्हतं. हिब्रूत ‘काय’ला ‘मा’ म्हणतात, म्हणजे ‘मान हू’ हा ‘हे काय?’ या प्रश्नाचाच काहीसा आडवळणाचा उच्चार दिसतो. त्यांचा पुढारी मोशे याने त्यांना सांगितलं की देवाने दिलेली ही भाकर आहे, तरी नाव म्हणून प्रश्नच कायम राहिला. चाळीस वर्षं ते लोक रोज ‘हे काय’ खात होते! मला हे फार आवडतं. बायबलमधल्याच ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात मोशे पुन्हा तेच बजावतो: तुला ठाऊक नव्हता, तुझ्या वाडवडिलांनाही ठाऊक नव्हता, असा मान देवाने तुला खाऊ घातला, माणूस केवळ भाकरीवर जगत नाही हे तुला कळावं म्हणून.

पण राशी हा शब्द वेगळा लावतो. राशी म्हणजे अकराव्या शतकातला फ्रान्समधला भाष्यकार (१०४०–११०५). तोरा, म्हणजे बायबलची पहिली पाच पुस्तकं, शिकणारं ज्यू पोर आजही त्याचं बोट धरून शिकतं. तो म्हणतो, ‘मान’ म्हणजे नेमून दिलेलं खाणं, आणि दाखला देतो दानीएलाच्या पुस्तकातला. तिथे बाबेलचा राजा दरबारात आणलेल्या तरुणांना स्वतःच्या पाकातलं अन्न नेमून देतो. क्रियापद आहे ‘वायमान’, म्हणजे नेमून दिलं. राशी एवढंच सांगून थांबतो. पण दानीएलातलं ते वाक्य पुढे वाचलं की डोळे चमकतात, कारण लगेच शब्द येतात ‘देवार योम बेयोमो’, ज्या दिवसाचं त्या दिवशी. आणि नेमके हेच शब्द निर्गमात मानाविषयी देवाच्या तोंडी आहेत: लोकांनी बाहेर जाऊन ज्या दिवसाचं त्या दिवशी वेचावं. माझ्या मते या शब्दाची किल्ली इथे आहे. भाषांतरात काहीही वापरा, ‘नेमून दिलेलं’ आणि ‘ज्या त्या दिवसाचं’ हे दोन अर्थ त्यातून निसटता कामा नयेत.

या दोन अर्थांवर ‘घबाड’ घासून पाहा. घबाड एकदाच हाती लागतं, मोठं असतं आणि लपवून ठेवता येतं. मान रोज यायचा, माणशी एक ओमेर. ओमेर हे धान्याचं माप, एफा या मोठ्या मापाचा दहावा भाग, आजच्या मापात साधारण दोन-अडीच लिटर धरतात. ज्याने जास्त वेचलं त्याचं मापात उरलं नाही, ज्याने कमी वेचलं त्याला उणं पडलं नाही. काहींनी सकाळपर्यंत ठेवून पाहिलं, तर त्यात किडे पडले आणि घाण सुटली, मोशे संतापला. उन्हं तापली की उरलेलं वितळून जायचं. इंग्रजी वाक्प्रचारात हा शब्द अनपेक्षित लाभासाठी वापरतात, तिथून ‘घबाड’ सुचलं असणार. पण मूळ कथेत नेमकं घबाडच होऊ दिलेलं नाही. ताईंनी ते खोडलं हे उत्तम केलं.

‘अमृत’ही जमत नाही. अमृत प्यालेला मरत नाही. मान खाणारी मिसरमधून निघालेली पिढी त्याच रानात संपली. ‘प्रसाद’ कानाला गोड आहे, पण प्रसाद म्हणजे आधी आपण देवापुढे ठेवायचं आणि मग त्याचं म्हणून घ्यायचं. मानाला नैवेद्य नव्हता. उलट कुरकुर करणाऱ्यांना, ‘मिसरात मांसाच्या भांड्यांशी बसून पोटभर खात होतो’ असं म्हणणाऱ्यांना तो मिळाला.

मग आपल्याकडे काय आहे? मला दोन शब्द सुचतात. पहिला ‘शिधा’. शिधा मोजून देतात, माणसाप्रमाणे देतात, आणि मुख्य म्हणजे कच्चा देतात, रांधायचं आपणच. बायबलमधल्या ‘गणना’ या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात लिहिलं आहे की लोक मान जात्यात दळत किंवा उखळात कुटत, भांड्यात शिजवत, त्याच्या पोळ्या करत. म्हणजे आभाळातून आला तरी चूल पेटवावी लागत होतीच. निर्गमात त्याचं वर्णन धण्याच्या दाण्यासारखा, पांढरा, चवीला मधातल्या पापुद्र्यासारखा असं आहे.

दुसरा शब्द ‘रतीब’, आणि तो मला जास्त जवळचा वाटतो. रतीब अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला; मुळात अर्थ ठरलेलं, नेमलेलं. आपण तो दुधाला लावतो. ज्या घरी रतीब असतो तिथे चार दिवसांचं दूध कोणी भरून ठेवत नाही. उद्या पहाटे माप दारात पडणार हे घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असतं. तालमूद या रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या, चर्चाग्रंथातला दृष्टांत याच अंगाने जातो. योमा या भागात रब्बी शिमोन बार योखायला शिष्य विचारतात, मान वर्षातून एकदाच का दिला नाही? तो सांगतो: एका राजाचा एक मुलगा होता. राजा त्याला वर्षाचा खर्च एकदम द्यायचा, तर मुलगा वर्षातून एकदाच तोंड दाखवायचा. मग राजाने रोजचं रोज द्यायला सुरुवात केली, तर मुलगा रोज भेटायला येऊ लागला. तसंच ज्याच्या घरी चार-पाच मुलं, तो काळजी करायचा की उद्या मान पडला नाही तर ही सगळी उपाशी मरतील. त्यामुळे सगळ्यांची मनं आकाशातल्या बापाकडे लागलेली असायची.

इथे जरा थांबायला हवं, कारण ‘भरवसा’ या शब्दाचं मर्म या काळजीत आहे. रतिबावरचा आपला विश्वास सवयीचा असतो, त्यात धाकधूक नसते. मानात ती होती, आणि तालमूद ती लपवत नाही. त्याच योमा भागात प्रश्न येतो की देवाने मान दिला ‘तुला पीडा व्हावी म्हणून’ असं ‘अनुवाद’ पुस्तकात का म्हटलं आहे? पोटभर अन्न देणं ही पीडा कशी? एका रब्बीचं उत्तर: ज्याच्या दुरडीत भाकरी आहे आणि ज्याच्या दुरडीत नाही, ते दोघे सारखे नव्हेत. आत्ता पोट भरलेलं असलं तरी दुरडी रिकामी असली की जेवणाचं समाधान होत नाही. ज्याने कधी महिनाअखेर काढली आहे त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. आणि सोटा या भागात हीच दुरडी उलटी होऊन येते. थोरले रब्बी एलिएझर म्हणतात, ज्याच्या दुरडीत भाकरी आहे आणि तरी जो म्हणतो ‘उद्या काय खाऊ?’, तो अल्पविश्वासी. दोन्ही वाक्यं शेजारी ठेवून वाचावीत असं मला मनापासून वाटतं. रिकाम्या दुरडीच्या माणसाला कोणी अल्पविश्वासी म्हटलेलं नाही. त्याच्या दुःखाला दुःखच म्हटलं आहे. बोल लागतो तो भरल्या दुरडीपाशी बसून उद्याची चिंता करणाऱ्याला.

म्हणून लेखात जिथे ‘बिताखोन’ हा हिब्रू शब्द असेल तिथे ‘श्रद्धा’ न लिहिता ‘भरवसा’ लिहावा. देव आहे असं धरून चालणं ही ‘एमुना’. ‘आमेन’ त्याच धातूतला. तिच्यासाठी श्रद्धा किंवा विश्वास चालेल. पण बिताखोन म्हणजे टेकणं, भार टाकणं. अकराव्या शतकात स्पेनमधल्या बाह्या इब्न पाकुदाने अंतःकरणाच्या कर्तव्यांवर ग्रंथ लिहिला, त्यात या भरवशाला स्वतंत्र प्रकरण दिलं आहे. आपल्याकडे ‘त्याच्यावर भिस्त आहे’ म्हणतात तो अर्थ याच्या सगळ्यात जवळचा.

एक सावधगिरी मात्र घ्यावी. देवावर भिस्त म्हटलं की आपल्याला ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ आठवतं, आणि ती म्हण आपण आळशालाच ऐकवतो. मान खाटल्यावर येत नव्हता. निर्गमातलं क्रियापद ‘वेचणे’ हे आहे. मराठीतही तेच ठेवावं, ‘गोळा करणे’ नको. वेचायला वाकावं लागतं, एकेक दाणा उचलावा लागतो, आणि इथे तर ऊन चढायच्या आत उरकावं लागत होतं. तालमूदात असंही येतं की नीतिमानांना तो दाराशीच मिळायचा, मधल्यांना बाहेर जावं लागे आणि दुष्टांना दूर भटकावं लागे. एका वचनात मान छावणीवर पडतो, दुसऱ्यात लोक बाहेर जातात, तिसऱ्यात फिरत फिरत वेचतात. या तिन्हींचा मेळ घालताना निघालेला हा अर्थ आहे. पण नीतिमानालाही दारापर्यंत यावं लागलंच, हे माझं त्यावरचं वाचन. माणसाने करायच्या खटपटीला हिब्रूत ‘हिश्तादलूत’ म्हणतात, आणि ती किती करावी यावर रब्बींमध्ये आजही वाद चालतात.

खटपट थांबवायची ती एका दिवशी. शुक्रवारी प्रत्येकाला दुप्पट, दोन ओमेर मिळायचे; ते शनिवारपर्यंत ठेवले तरी किडत नसत. शनिवारी मान पडत नसे. तरी काहीजण शनिवारी वेचायला गेले आणि रिकाम्या हाताने परतले. शब्बाथच्या, म्हणजे आठवड्याच्या या विश्रांतीच्या दिवसाच्या, जेवणात ज्यू घरांत दोन पाव मांडतात ते या दुप्पट वाट्याची आठवण म्हणून, आणि पावांच्या खाली-वर कापड घालतात ते मान दवाच्या दोन थरांमध्ये असायचा म्हणून.

इथे आपल्या कोकणाचा धागा खरोखर जुळतो. रायगडच्या किनारपट्टीतल्या बेने इस्राएल लोकांना गावकरी ‘शनिवार तेली’ म्हणत, कारण ते तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत. मान्नाशी त्याचा संबंध तिथे कोणी बोलून दाखवला असेल-नसेल, पण घाण्याचा बैल एक दिवस सोडून ठेवायचा आणि सहा दिवसांच्या तेलावर सात दिवस भागेल असं धरून चालायचं, हा मानाचाच धडा झाला. याच मराठीभाषक ज्यूंसाठी १८७४ साली पुण्यात मराठी भाषांतरासह हागादा छापला गेला. वल्हांडणाच्या, म्हणजे मिसरमधून सुटकेच्या सणाच्या, रात्री वाचायच्या त्या पोथीतल्या ‘दायेनू’ या गाण्यात एक कडवं असं आहे की देवाने आम्हाला मान खाऊ घातला असता आणि शब्बाथ दिला नसता, तरी ते आम्हाला पुरे होतं. ‘दायेनू’ म्हणजे ‘आम्हाला पुरे’. म्हणजे हा शब्द मराठी घरांत नवा नाही.

आता निकाल. माझं मत: लेखात ‘मान्ना’च ठेवा, कारण मराठी वाचकाला तोच ओळखीचा आहे. ‘मान’ लिहिलात तर दर वाक्यात गळा नाहीतर सन्मान आडवा येईल. मी इथे तो वापरला तो शब्दाची चर्चा होती म्हणून. पहिल्यांदा येईल तिथे वाक्यातच ‘देवाने रोज नेमून दिलेला शिधा’ असं उलगडून द्या, आणि राजपुत्राच्या दृष्टांतापाशी बेधडक ‘रतीब’ वापरा. लिंगाचं म्हणाल तर मी पुल्लिंग ठरवलं, शिधा आणि रतीब दोन्ही पुल्लिंगी आहेत म्हणून. पण ‘ते मान्ना’ असं नपुंसकलिंगीही कानाला खटकत नाही.

आणि लेखात शेवटी यहोशवाच्या पाचव्या अध्यायाचा उल्लेख असेल, तर क्रियापद जपून निवडा. कनान देशात पोहोचल्यावर लोकांनी त्या जमिनीचं धान्य खाल्लं, आणि दुसऱ्या दिवसापासून मान्ना आला नाही. हिब्रू क्रियापद ‘शाबात’ धातूचं आहे, ज्यातून शब्बाथ आला. ‘संपला’ किंवा ‘बंद पडला’ लिहिण्यापेक्षा तिथे ‘थांबला’ लिहावं.