ॲपलसारख्या कंपन्या तयार मोडेम (फोनला मोबाईल नेटवर्कशी जोडणारी चिप) विकत घ्यायचा सोडून स्वतःचा का बनवतात? रॉयल्टी वाचवायला?

रॉयल्टी यातून वाचतच नाही. मोडेमची चिप वेगळी आणि पेटंटचं लायसन्स वेगळं. ४जी-५जीच्या मानकांत क्वालकॉम, एरिक्सन, नोकिया, हुआवे यांची पेटंट्स ठासून भरली आहेत. चिप कोणाचीही लावा, अगदी घरची लावा, लायसन्सचे पैसे मोजावेच लागतात. वाचतो तो फक्त चिप विकणाऱ्याचा नफा.

माझ्या मते खरं कारण आहे ते दगडाखाली सापडलेला हात सोडवून घेणं. ॲपलचंच बघा. त्यांना मोडेम विकणाऱ्या क्वालकॉमचं धोरण असं की आधी लायसन्स घ्या, मगच चिप मिळेल. त्यातून रॉयल्टीचा हिशोब चिपच्या नाही, अख्ख्या फोनच्या किमतीवर. ॲपलला अपेक्षित होते फोनमागे दीड डॉलर, द्यावे लागत होते साडेसात. हे ॲपलचे जेफ विल्यम्स यांनी २०१९ मध्ये कोर्टात साक्षीत सांगितलं. जानेवारी २०१७ मध्ये ॲपलने दावा ठोकला आणि पुढे क्वालकॉमने २०१८ च्या आयफोनसाठी मोडेम विकायलाच नकार दिला, असंही ते त्याच साक्षीत म्हणाले. मग त्या वर्षीच्या सगळ्या नव्या आयफोनमध्ये इंटेलचे मोडेम. पण इंटेलचं ५जीचं काम रखडलेलं, आणि अँड्रॉइडवाले ५जी फोन घेऊन बाजारात उतरलेले. शेवटी १६ एप्रिल २०१९ ला ॲपलने क्वालकॉमशी तडजोड केली आणि त्याच दिवशी इंटेलने ५जी फोन-मोडेममधून अंग काढून घेतलं. खिशात एवढा पैसा असून दुकान एकच उरलं! तीन महिन्यांत ॲपलने इंटेलचा तो विभाग १ अब्ज डॉलरला घ्यायचा करार केला, सोबत सुमारे २,२०० माणसं.

तरीही पहिला मोडेम, सी१, आला थेट फेब्रुवारी २०२५ मध्ये, आयफोन १६ई मध्ये. एम१सारखा प्रोसेसर काढणाऱ्या कंपनीला इतका वेळ का लागला? प्रोसेसरची परीक्षा आपल्याच लॅबमध्ये, आपल्याच सॉफ्टवेअरवर घेता येते. मोडेमला मात्र जगभरच्या परक्या टॉवरशी जुळवून घ्यावं लागतं. एकीकडे नोकियाची उपकरणं, दुसरीकडे एरिक्सनची, प्रत्येकाच्या खोडी निराळ्या, आणि जुनं २जीसुद्धा सोडून चालत नाही. सी१ म्हणे ५५ देशांतल्या १८० ऑपरेटरांच्या नेटवर्कवर तपासला. आपल्याकडे ऑक्टोबर २०२२ मध्ये ५जी आलं तेव्हाचं आठवा. जिओचं ५जी स्वतंत्र, एअरटेलचं ४जीच्या आधाराने चालणारं. आयफोनचं हार्डवेअर तयार होतं, तरी ५जी चालू व्हायला डिसेंबरचं अपडेट यावं लागलं.

दुसरं कारण बॅटरी. आयफोन असेल तर *३००१#१२३४५#* डायल करा, फील्ड टेस्टचा पडदा उघडतो. त्यात आरएसआरपीचा, म्हणजे टॉवरच्या सिग्नलच्या ताकदीचा, आकडा बघत लिफ्टमध्ये जा. उणे ८० च्या आसपास असेल तर सिग्नल झकास, उणे ११० च्या खाली गेला की रडकथा. रेंज खालावली की फोन टॉवरपर्यंत आवाज पोचवायला आपली ताकद वाढवत नेतो, साधारण २०० मिलिवॉटपर्यंत. शिवाय आजूबाजूचे टॉवर चाचपणं चालूच. प्रवासात फोन खिशात नुसता पडून असूनही चार्जिंग उतरतं ते बरंचसं यामुळे. मोडेम घरचा असला की प्रोसेसर, सॉफ्टवेअर आणि मोडेमवाले इंजिनियर एकत्र बसून ही उधळपट्टी कमी करू शकतात. सी१ मध्ये तर नेटवर्कवर गर्दी असेल तेव्हा कुठला डेटा आधी गेला पाहिजे हे प्रोसेसर मोडेमला सांगतो. परक्याच्या चिपमध्ये असं काही हवं असेल तर त्याच्या मिनतवाऱ्या करा, आणि तेच मग तो सगळ्या स्पर्धकांनाही विकणार.

हुआवेची गोष्ट आणखी वेगळी. त्यांचा बालॉंग मोडेम आधीपासून होता, पण २०२० मध्ये अमेरिकी निर्बंधांमुळे चिप बनवून घेण्याची वाटच बंद झाली. क्वालकॉमला परवानगी मिळाली ती हुआवेला ४जी चिप विकण्यापुरती. म्हणून २०२१ चा त्यांचा महागडा पी५० निघाला ४जी! २०२३ च्या मेट ६० प्रोमध्ये घरच्या चिपवर ५जीचा वेग परत आला. उलट शाओमीने २०२५ मध्ये एक्सरिंग ओ१ हा स्वतःचा प्रोसेसर काढला, पण मोडेम मीडियाटेकचाच ठेवला. यातलं अवघड काम कुठलं, ते यावरून कळावं.

ॲपलनेही सगळी अंडी एका टोपलीत ठेवलेली नाहीत. सप्टेंबर २०२५ मध्ये आयफोन एअरला सी१एक्स दिला, १७ आणि १७ प्रोला मात्र क्वालकॉमचाच. सी१ मध्ये मिलिमीटर वेव्ह (कमी अंतरावर चालणारं अतिवेगवान ५जी) नाही म्हणून नाक मुरडणारे भेटतील, पण ती सोय आयफोनच्या अमेरिकी मॉडेलांतच असते. भारतात १६ई घेणार असाल तर त्याची चिंता नको.