नस बंद पडली तर पहिला फोन कोणाला?

"मॅडम, नस बंद पडली तं माहं कसं होईन?"

डायलिसिसच्या वॉर्डात समुपदेशक म्हणून बसलं की हा प्रश्न कुठल्या ना कुठल्या खाटेवरून येतोच. कुणी फिस्टुला म्हणतं, कुणी पिस्टुला, बहुतेक जण नुसतं नस. काही जण विचारतही नाहीत, पण बोलता बोलता दर दोन मिनिटांनी मनगटावर बोटं टेकवून पाहतात. यवतमाळ, वर्धा, अमरावतीकडच्या रुग्णांशी बोलताना किडनी गेल्याच्या दुःखापेक्षा ही धास्ती मला जास्त भेटली आहे. किडनीचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. नसेचं भय मात्र रोज सकाळी नवं.

ज्यांच्या घरात डायलिसिस नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मशीनला मिनिटाला साधारण 250 ते 300 मिली रक्त लागतं. हातावरची साधी शीर तेवढं देऊ शकत नाही. म्हणून सर्जन मनगटाशी किंवा कोपराशी धमनी आणि शीर एकमेकींना जोडतात. हाच फिस्टुला, रुग्णांची नस. धमनीच्या जोराने शीर काही आठवड्यांत फुगते, जाड होते आणि मग तिच्यात दर वेळी दोन जाड सुया घालता येतात. न्यूयॉर्कमधल्या ब्रेशिया, सिमिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1966 साली ही युक्ती मांडली, आणि इतक्या वर्षांनंतरही डॉक्टरांची पहिली पसंती तिलाच असते. चालू नसेवर बोट ठेवलं की थरथर लागते. ती कशी, हे मला एका कास्तकाराने समजावलं होतं: "मोटर चालू असली का पाइपाले हात लावल्यावर कसं लागते, तसं." नव्या रुग्णांना मी आता हेच सांगते.

ज्या ताईंबद्दल लिहिते आहे त्या यवतमाळ जिल्ह्यातल्या. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत. घरची थोडी कोरडवाहू, बाकी मजुरी. वर्षानुवर्षं वाढलेलं बीपी आणि अंगदुखीवर दुकानातून आणलेल्या गोळ्या, यात किडन्या गेल्या. आठवड्यात दोनदा, बुधवारी आणि शनिवारी डायलिसिस. माझ्याकडे त्यांना पाठवलं ते डॉक्टरांनी, वैतागून. मनगटाचा फिस्टुला बंद पडला होता, मानेतून टाकलेल्या आणि छातीवर बाहेर आलेल्या नळीवर काम चाललं होतं. कोपराजवळ नवा फिस्टुला करायचा म्हटलं की ताई मान हलवायच्या.

"नळी चांगली हाय मॅडम. सुई टोचत नाई, दुखत नाई."

हेही वाक्य मी खूप ऐकते, आणि ते खोटं नाही. नळीला सुई लागत नाही. पण नळी थेट हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत असते. तिच्यातून जंतू शिरले की थंडी वाजून ताप भरतो आणि तो ताप जिवावर बेतू शकतो. ती ओली होऊ द्यायची नाही, म्हणजे आपल्याकडच्या 45 अंशांच्या उन्हाळ्यातही डोक्यावरून पाणी घेता येत नाही. फार दिवस राहिली तर आतली मोठी शीर अरुंद होते आणि मग पुढचा फिस्टुला करणंही अवघड होतं. हे सगळं डॉक्टरांनी ताईंना सांगून झालं होतं. त्या ऐकायच्या, "हो" म्हणायच्या आणि ऑपरेशनच्या कागदावर सही करायच्या नाहीत.

माझा एक अनुभव आहे. माहिती असूनही माणूस ऐकत नाही, तेव्हा आणखी माहिती देऊन उपयोग नसतो. मी विवेकनिष्ठ विचारसरणीच्या शाळेतली. माणूस घटनेने जितका अडतो त्याहून जास्त त्या घटनेवर स्वतः दिलेल्या निकालाने अडतो, असं मी मानते. म्हणून नळीचा विषय बाजूला ठेवला आणि जुनी नस कशी गेली तेवढंच विचारलं.

"माह्याच हातानं मारली मी थे."

हळूहळू गोष्ट बाहेर आली. थोरल्या मुलीला पाहायला रविवारी पाहुणे येणार होते. आईला किडनीचा आजार आहे हे पहिल्याच भेटीत कळू नये, म्हणून शनिवारी डायलिसिसहून परतल्यावर त्यांनी दोन्ही हातांत डझन डझन बांगड्या भरल्या. डावीकडच्या मनगटात रुतत होत्या. वरून लांब बाहीचं ब्लाउज. त्या दिवशी मशीनवरून उतरताना बीपी पडलं होतं, चक्करही आली होती, ते कुणाला सांगितलं नाही. रात्री त्याच कुशीवर झोपल्या.

"मग कधी कळलं?"

"आइतवारी सकाळी. आंघोळीच्या वक्ती हात लावला तं काहीच नाई. गुपचूप."

"कोणाला हाक मारली?"

"कोनालेच नाई."

पाहुणे आले, पोहे-चहा झाला, मुलगी पसंत पडली. सोमवार गेला, मंगळवार गेला. बुधवारी सुई घालण्याआधी टेक्निशियनने हात लावला तेव्हा जगाला कळलं. नागपूरला नेलं, पण आतली रक्ताची गाठ घट्ट झाली होती.

बांगड्यांबद्दल मी त्यांना खोटा दिलासा दिला नाही. "त्यानं काय होते" असं म्हणणारे नातेवाईक भरपूर होते आणि ताईंचा एकावरही विश्वास नव्हता. घट्ट बांगडीने नस दाबली जाते, हे खरंच आहे. पण मी विचारलं, त्याआधीच्या महिन्यात सुया काढल्यावर रक्त थांबायला वेळ लागत होता का? त्या चमकल्या. "हो. पट्टी लय वेळ दाबून धरा लागे. मी म्हटलं, औषधानं असन." नस पुढे कुठेतरी अरुंद होत असल्याची ती खूण असते. वर बीपी पडलेलं, आणि वर बांगड्या. तिन्ही गोष्टी मिळून नस बंद पडली. "बांगड्या घट्ट होत्या" हे घडलं. "मी नस मारली" हा ताईंनी स्वतःवर दिलेला निकाल, आणि त्याला शिक्षाही त्यांनीच ठरवली होती: पुन्हा नस मागायची नाही.

हे त्यांना पटलं. पण पटूनही सही झाली नाही. इथे एखादा नवखा समुपदेशक पुन्हा नळीच्या तोट्यांकडे वळला असता. मला मात्र त्यांचं ते "कोनालेच नाई" टोचत राहिलं होतं. पुढच्या भेटीत मी तिथेच परत गेले.

"ताई, त्या सकाळी हाक मारली नाही. पण मारावीशी कोणाला वाटली?"

त्यांनी लगेच उत्तर दिलं नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. शेजारच्या मशीनचा अलार्म वाजत होता, सिस्टर येऊन तो बंद करून गेल्या. मी काही बोलले नाही. अशा वेळी गप्प बसणं हे माझ्या कामातलं सर्वांत अवघड कौशल्य आहे आणि ते मला बऱ्यापैकी जमतं.

"पोरीले," त्या म्हणाल्या. "पन तिले सांगतलं असतं तं तिनं पाव्हण्याईले येऊच नोका म्हटलं असतं. माह्यापायी तिचं मोडलं असतं. आताच माह्या गाडीभाड्यापायी घरात काय उरते? यायची मजुरी बुडते ते अलगच."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख झालं. ताईंना भीती नस बंद पडण्याची नव्हतीच. बंद पडल्यावर घरात ते सांगावं लागेल, याची होती. डायलिसिस महात्मा फुले जन आरोग्य योजनेत फुकट होतं, एसटीत सवलत मिळते, पण दर खेपेला सोबत येणाऱ्याचा दिवस जातो, त्याचा हिशेब या बायका मनातल्या मनात रोज मांडत असतात. नळी आहे तोवर थरथर तपासायची नाही, म्हणजे काही सांगायचीही वेळ यायची नाही. त्यांना नळी "चांगली" वाटत होती ती यासाठी.

शनिवारी मुलीला आणि नवऱ्याला घेऊन या म्हटलं. आल्यावर मी एवढंच केलं: ताईंना ते वाक्य मुलीसमोर पुन्हा म्हणायला लावलं. मुलगी बारावी झालेली, तोंडाने फटकळ. ती आईकडे बघतच राहिली.

"आई, पाव्हणे पुढच्या आइतवारी बी आले असते. नस आली का?"

ताई आधी रागावल्या, मग पदर तोंडाला लावून हसायला लागल्या, आणि हसता हसता रडल्या. नवरा इतका वेळ भिंतीला टेकून उभा होता. तो एकच बोलला, "किरायाची गाडी केली असती आपुन. वावर थोडीच इकाव लागत होतं."

त्याच बैठकीत आम्ही ठरवलं. थरथर गेली असं वाटलं, तर पहिला फोन मुलीला, घरात स्वयंपाक असो, पेरणी असो, पाहुणे असोत. ती लगेच डायलिसिस युनिटला फोन करील. गावातल्या कोणाची गाडी रात्री मिळते, हे नवऱ्याने आधीच बोलून ठेवायचं. कागदावर हे लिहून तो फ्रिज नसलेल्या घरात देवळीत चिकटवला. पुढच्या आठवड्यात ताईंनी सही केली.

तेव्हापासून नसेची काळजी घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हाच प्रश्न विचारते: बंद पडली तर पहिला फोन कोणाला? ज्याच्याकडे उत्तर तयार असतं, त्याची भीती आवाक्यात असते. जो उगाच खाली बघतो, त्याच्याशी मग नसेबद्दल न बोलता घराबद्दल बोलावं लागतं. हा प्रश्न कुठल्या पुस्तकातला नाही, ताईंनी दिलेला आहे, आणि मला तो फार कामाचा वाटतो.

रात्रभर हात चाचपडणाऱ्यांसाठी: तपासायच्या वेळा ठरवून घ्या. सकाळी उठल्यावर, रात्री झोपण्याआधी, डायलिसिसहून आल्यावर, आणि चक्कर, जुलाब, उलट्या झाल्या असतील तेव्हा. बोट ठेवायचं, थरथर लागली की कामाला लागायचं. बाकीच्या वेळी हात तपासण्याने नस जास्त चालत नाही, झोप तेवढी जाते. थरथर लागलीच नाही, तर मात्र पुढच्या डायलिसिसची वाट पाहू नका. गाठ ताजी असते तेव्हा ती काढता येण्याची शक्यता जास्त असते. एक-दोन दिवसांत ही शक्यता घटत जाते. स्वतः चोळत बसू नका.

त्या हातावर बीपी नाही, रक्त काढणं नाही, घट्ट बाही नाही, त्या कुशीवर झोप नाही, डोईवरच्या हंड्याला त्या हाताचा आधार नाही. आणि आपल्या भागात विशेष सांगावं लागतं: अशक्तपणा आला म्हणून गावातल्या डॉक्टरकडून त्या हाताला सलाईन अजिबात लावून घेऊ नका. डायलिसिसच्या रुग्णाला न विचारता सलाईन कुठल्याच हाताला नको. नस लाल झाली, पू आला, बोटं गार किंवा निळसर पडून दुखू लागली, फुगवट्यावरची कातडी पातळ आणि चकचकीत झाली, तर त्याच दिवशी दाखवा. सुईच्या जागेतून रक्त थांबत नसेल, तर बोटाने नेमकं त्या भोकावर घट्ट दाबा, हात उंच धरा आणि 108 ला फोन करा. उन्हाळ्यात तहान आवरत नाही हे मला कळतं, पण दोन डायलिसिसच्या मध्ये वजन फार वाढलं की मशीनला एकदम जास्त पाणी काढावं लागतं, बीपी पडतं, आणि पडलेलं बीपी नसेला मानवत नाही.

घरच्यांनी "चालू हाय ना? चालू हाय ना?" असं दिवसभर विचारत बसू नये. त्याने रुग्णाला वाटतं की आपल्या नसेवर अख्ख्या घराची मान अडकली आहे, आणि मग बिघडल्याचं सांगायला त्याची जीभ रेटत नाही. त्यापेक्षा एकदाच नीट सांगा: वाईट बातमी असली तरी आधी आम्हाला सांग, आम्ही चिडणार नाही. आणि खरंच चिडू नका.

ताईंची कोपराजवळची नस धरली. पहिल्यांदा सुया घातल्या तेव्हा एक सुई शिरेबाहेर गेली, दंड सुजून निळा पडला. घरी पोचल्या पोचल्या त्यांनी मुलीला हाक मारली, मुलीने युनिटला फोन लावला. थरथर आहे ना, मग आज बर्फाने शेका, हात उशीवर उंच ठेवा, असं उत्तर मिळालं. सूज उतरली. पुढे नस चांगली चालू लागल्यावर छातीवरची नळी काढली. त्या दिवशी ताईंनी डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारला, आज डोक्यावरून पाणी घेऊ का? जखम भरेपर्यंत थांबा म्हटल्यावर त्या बराच वेळ माझ्याकडे येऊन कुरकुरत होत्या.