वाचकांचे प्रश्न: जुन्या लोडरला पॅकिंग कुठलं घालायचं?

प्रश्न: आमचा जुना व्हील लोडर सावर्ड्याकडे मायनिंगला चालायचा, 2018 मध्ये गोव्यातल्या खाणींच्या लीझ रद्द झाल्या तेव्हापासून शेडमध्ये पडून होता. आता खडीचं काम मिळालंय म्हणून चालू केला तर तीन ठिकाणी तेल गळतंय, हायड्रॉलिक टाकीचं झाकण, पंपाची सक्शन फ्लँज (टाकीतून तेल ओढणाऱ्या पाइपचा बोल्टचा जोड) आणि कंट्रोल व्हॉल्व. मेकॅनिक म्हणतो सगळीकडे जाड रबर शीट कापून घालू, दुकानदार म्हणतो ॲस्बेस्टॉस शीट घ्या, परत बघायला नको. काय घालू? — एक वाचक, कुडचडे

उत्तर: बाब, आधी दोघांनाही थांबवा. तीन जागा म्हणजे तीन वेगळे आजार आहेत, एकाच शीटने तिन्ही बरे होणार नाहीत.

टाकीचं झाकण सगळ्यात सोपं. तिथे प्रेशर जवळजवळ नसतंच, पण पत्रा पातळ असतो आणि बोल्ट आवळून आवळून वाकडा झालेला असतो, त्यामुळे तिथे मऊच पॅकिंग लागतं. नायट्राइल रबर किंवा रबर-कॉर्क, 3 मिमीचं, चालून जाईल. दुकानात नुसतं ‘काळं रबर’ म्हणून मागू नका, नायट्राइल म्हणा. साधं रबर किंवा ईपीडीएम जातीचं रबर मिनरल तेलात फुगून लिबलिबीत होतं आणि दिसायला सगळी काळीच. शंका असेल तर शीटचा तुकडा तुमच्याच हायड्रॉलिक तेलात बुडवून दोन दिवस ठेवा, आधी नि नंतर व्हर्नियरने जाडी मोजा, फुगला तर परत करा.

सक्शन फ्लँज मात्र फसवी आहे. मशीन बंद असताना तिथून तेल बाहेर पाझरतं, आणि चालू असताना तिथूनच हवा आत ओढली जाते, बाहेर थेंबही दिसत नाही. टाकीतलं तेल दुधासारखं फेसाळतंय आणि पंप कण्हल्यासारखा ओरडतोय का ते बघा, असेल तर झाकणाआधी ही फ्लँज करा, नाहीतर पंप जाईल आणि मग पॅकिंगचा खर्च आठवणारही नाही. फ्लँजला ओ-रिंगची (गोल रबरी कडीची) खाच असेल तर ओ-रिंगच घाला, वर आणखी शीट नको. सपाट असेल तर नॉन-ॲस्बेस्टॉस फायबर शीट (ॲरामिड धागा आणि नायट्राइलचा बाइंडर असलेली), 0.5 ते 0.8 मिमी. जाड घेतली की भक्कम होईल असं सगळ्यांनाच वाटतं, होतं उलटं. जोड दाबून धरतात ते बोल्ट, पॅकिंग फक्त दोन तोंडांमधली बारीक फट भरतं, आणि शीट जितकी जाड तितकी ती कालांतराने बसते, बोल्ट ढिले पडतात.

आणि इतके पावसाळे दमट शेडमध्ये काढलेल्या लोखंडाच्या तोंडावर गंजाचे खड्डे असणारच. सपाट काचेवर एमरी पेपर ठेवून, थोडं तेल टाकून, फ्लँज आठच्या आकड्यात फिरवत घासा. तोंड एकसारखं राखाडी दिसायला लागलं की थांबा, मध्ये काळे ठिपके उरले तर अजून खड्डा आहे. शीट कापताना फ्लँजवरच ठेवून हातोडीने कडा ठोकायची सवय आपल्याकडे सगळ्यांना आहे, त्याने कड तर खराब होतेच आणि कण आत पडतात ते वेगळंच. त्यापेक्षा तोंडाला ग्रीसचा हात लावा, शीट त्यावर दाबा, छाप उठतो, मग खाली उतरवून कात्री आणि पंचने कापा.

कंट्रोल व्हॉल्वच्या सेक्शनमध्ये, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या ठोकळ्यांच्या मध्ये, शीट घालूच नका. तिथे ओ-रिंगच असतात, मध्ये काही घातलं की सेक्शन एकमेकांवर सपाट बसत नाहीत, आणि टाय-रॉड (ठोकळे एकत्र धरणारे लांब बोल्ट) जोरात आवळले तरी स्पूल, म्हणजे आतला सरकणारा दांडा, अडकतो. पडून पडून जुन्या रिंगा चपट्या आणि कडक झाल्यात, पूर्ण किट बदला. पंप उघडायची वेळ आली तर बॉडी आणि कव्हरमधलं जुनं कागदी पॅकिंग फेकू नका, मायक्रोमीटरने मोजा. काही जुन्या गिअर पंपांत गिअरचा क्लिअरन्स (गिअर आणि कव्हरमधली फट) त्या कागदाच्या जाडीवरच ठरतो.

ॲस्बेस्टॉसबद्दल: शीट टिकते, खोटं नाही, पण तिची धूळ फुफ्फुसात गेली की बाहेर येतच नाही. जुन्या मशीनमध्ये आधीच ती असू शकते, म्हणून खरवडताना पाणी मारून ओलं करा, हाताने पट्टीने काढा, ग्राइंडर किंवा वायर ब्रश अजिबात नको, चुरा प्लास्टिकच्या पिशवीत बांधा.

प्रश्न: एक्स्कॅव्हेटरच्या बूमच्या पाइपची फ्लँज ओ-रिंग महिनाभरात उंदराने कुरतडल्यासारखी होते. रिंगची कंपनी बदलू का? — डिचोली

उत्तर: कंपनीचा दोष नसावा. 300 बारच्या आसपास प्रेशर असताना फ्लँज किंचित जरी उचलली तरी रिंग त्या फटीत घुसते आणि कापली जाते. बोल्ट ताणलेले असतील तर चारही बदला, 10.9 ग्रेडचे, आणि एकाआड एक थोडे थोडे आवळा. रिंग 70 नाही, 90 शोअरची (शोअर म्हणजे रबराच्या कडकपणाचं माप) नायट्राइल घ्या. आणि बॉक्समधली ‘जवळपास’ मापाची लावली जात असेल तर तेही बघा, 3.53 मिमी जाडीच्या जागी 3.5 निभावतं, पण 5.33 च्या जागी 5 ची बसवली तर रिंग पुरेशी दाबली जात नाही.

प्रश्न: पॅकिंगऐवजी नुसता ट्यूबमधला सिलिकॉन लावला तर? — पेडणे

उत्तर: टाकीच्या झाकणाला अडीनडीला, पातळ थर. पंप-व्हॉल्वजवळ नाही, आतल्या बाजूला दबून आलेला सिलिकॉन दोरीसारखा सुटतो आणि बारीक छिद्रात अडकतो.

एक तिघांनाही सांगायचंय. गळती शोधायला चालू मशीनच्या पाइपवरून हात फिरवू नका, पुठ्ठा धरा. बारीक छिद्रातून उडणारं तेल ग्लोव्हजमधूनही कातडीत घुसतं, जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते आणि सुरुवातीला दुखतही नाही फारसं, म्हणून लोक घरी जाऊन झोपतात. तसं झालं तर सरळ बांबोळीला जीएमसीत (गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात) जा आणि प्रेशरचं तेल आत गेलंय असं स्पष्ट सांगा, ऑपरेशनला काही तासांचा उशीर झाला तरी बोट जाऊ शकतं.