सुट्टीत उष्ण बेटावर गोल्फ खेळायचं तर स्वतःचे क्लब न्यावेत की तिथे भाड्याने घ्यावेत?

पटर (होलकडे चेंडू घरंगळवायचा क्लब) आणि दोन वेज (जवळच्या उंच शॉटचे क्लब) स्वतःचे न्या, बाकीचे अकरा तिथे घ्या. एवढंच हवं असेल तर इथे थांबलात तरी चालेल.

पण तुम्ही प्रश्नात लिहिलंय की आठवड्याच्या सुट्टीत दोनच राउंड खेळायचे आहेत, हँडिकॅप १८ आहे (म्हणजे साधारण दर होलला एक शॉट जास्त) आणि "भाड्याच्या क्लबमुळे स्कोअर बिघडतो असं सगळे म्हणतात". हे मी वर्षानुवर्षं ऐकत आलोय, आणि ते खरं नाही. बेटावर स्कोअर बिघडवतं ते गवत, आणि त्याखालोखाल वारा. माणूस पाचव्या होलला ग्रीनशेजारी (ग्रीन म्हणजे होलभोवतीचं बारीक कापलेलं गवत) तीन वेळा चिप, म्हणजे छोटा हलका शॉट, मारतो आणि दोष देतो भाड्याच्या ड्रायव्हरला.

आधी गवताचं बघू. थंड हवेच्या कोर्सवर ग्रीनला बहुधा बेंट गवत असतं, तुलनेने सरळ उभं वाढणारं. उष्ण बेटांवर दोनच गवतं प्रामुख्याने भेटतात: बर्म्युडा आणि समुद्रकाठचं पास्पालम. बर्म्युडा हे हरळीच्याच कुळातलं. ते आडवं सरपटत वाढतं, म्हणून त्याला ग्रेन असतो, म्हणजे पाती एका दिशेला झुकलेली असतात. मखमलीवरून हात एकीकडून फिरवला तर गुळगुळीत आणि उलटा फिरवला तर खरबरीत लागतो, तसंच हे. पास्पालम खारट पाणी आणि खारा वारा सोसतं, म्हणून समुद्राला लागून असलेल्या कोर्सवर ते लावतात. त्याला ग्रेन कमी, चेंडू फेअरवेवर (ग्रीनपर्यंतच्या कापलेल्या पट्ट्यावर) छान वर बसतो, पण पाती जाड आणि चिकट असतात. दोन्ही गवतांना दोन वेगळे शॉट लागतात, म्हणून बुकिंग करतानाच विचारून घ्या: फेअरवेला कोणतं, ग्रीनला कोणतं?

बर्म्युडावर ग्रीनशेजारून चिप मारताना पाती तुमच्याकडे झुकलेली असतील, म्हणजे शॉट ग्रेनविरुद्ध असेल, तर घरची नेहमीची चिप तिथे चालत नाही. हात पुढे, शाफ्ट (क्लबची दांडी) लक्ष्याकडे कललेली, चेंडू मागच्या पायाशी: या पवित्र्यात वेजची पुढची धार खाली येते, पाती तिला पकडतात आणि क्लब जमिनीत रुततो. चेंडू दोन फूट पुढे जातो. पुढच्या वेळी माणूस घाबरून चेंडूच्या मध्यावर मारतो आणि तो ग्रीनपलीकडच्या बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, जातो. डबल बोगी (ठरल्यापेक्षा दोन शॉट जास्त) इथे होते. यावर दोन उपाय चालतात.

पहिला उपाय बाउन्सचा (वेजचा तळ पुढच्या धारेपेक्षा जितका खाली उतरतो तो कोन). चेंडू पवित्र्याच्या मध्यावर किंवा किंचित पुढे, शाफ्ट जवळजवळ उभी, फेस (चेंडूला लागणारा भाग) थोडा उघडा. छाती फिरत राहू द्या आणि क्लबचा तळ गवतावरून घसरू द्या. यासाठी वेजला १० ते १४ अंश बाउन्स हवा. भाड्याच्या सेटमध्ये बहुतेकदा एक पिचिंग वेज आणि एक सँड वेज असते. तिचा बाउन्स किती, तळाची ठेवण कशी, हे काउंटरवरच्या माणसालाही ठाऊक नसतं. वेज स्वतःच्या न्या म्हणतो ते यासाठीच. ५४ आणि ५८ अंश लॉफ्टची (म्हणजे फेसच्या तिरपेपणाची) जोडी असेल तर उत्तम. एकच न्यायची तर ५६, भरपूर बाउन्सवाली.

दुसरा उपाय दिसायला विचित्र, पण नवख्याला जास्त भरवशाचा. ८ नंबरची आयर्न घ्या, चेंडूच्या अगदी जवळ उभे राहा, शाफ्ट पटरसारखी उभी धरा, म्हणजे क्लबची टाच (दांडीकडचं टोक) जमिनीवरून उचलली जाईल आणि फक्त टो (पुढचं टोक) टेकेल. चेंडू मध्यावर, वजन ६० टक्के पुढच्या पायावर. आता पटरचाच स्ट्रोक करा आणि चेंडू टोने मारा. गवताला लागणारा भाग इतका छोटा होतो की रुतायला काही उरत नाही. चेंडू मंद निघतो, म्हणून पटपेक्षा थोडा जोर वाढवा.

पास्पालमवर उलटं वागायचं. तिथे फेअरवेवर टप्पा पाडून चेंडू ग्रीनवर घरंगळत नेण्याचा नाद सोडा. चिकट पाती पहिल्याच टप्प्याला वेग खाऊन टाकतात. ग्रीनबाहेरून पटर वापरण्याचंही तेच. चेंडू हवेतून थेट ग्रीनवर टाका. लाय, म्हणजे चेंडूची गवतातली बैठक, वर असते, त्यामुळे उंच शॉट सोपा जातो. धोका एकच: चेंडू इतका वर असतो की वेज त्याच्या खालून निघून जाते, म्हणून क्लब जमिनीवर दाबून टेकवू नका, किंचित अधांतरी धरा.

रफबद्दल (फेअरवेबाहेरच्या उंच गवताबद्दल) एकच सांगतो. बर्म्युडाच्या रफमध्ये चेंडू तळाशी जाऊन बसतो आणि गवत होझलला (दांडी क्लबच्या डोक्याला जुळते तिथे) गुंडाळतं. तिथून हायब्रिड किंवा लांब आयर्न काढू नका. ९ नंबर किंवा वेजने फेअरवेवर या.

आता पटिंग. ग्रेन ओळखायला दोन खुणा पुरतात. तुमच्या जागेवरून ग्रीन चकचकीत, फिकट दिसलं तर पाती तुमच्यापासून दूर झुकलेली आहेत, पट वेगात जाईल. गडद, निस्तेज दिसलं तर ग्रेन तुमच्या विरुद्ध आहे. सकाळी सूर्य तिरपा असताना ही चमक फसवते, म्हणून होलच्या दोन्ही बाजूंनी बघा. दुसरी खूण होलची कड. ज्या बाजूची कड विस्कटलेली, तपकिरी दिसते, त्या बाजूकडे गवत वाढतंय. होल पहाटे नव्याने कापलेलं असेल तर ही खूण स्पष्ट नसते. दुपारकडे नीट दिसते. ग्रेनविरुद्धचा २० फुटांचा पट मी २३ फुटांचा धरतो. आडव्या ग्रेनचा परिणाम चेंडू मंदावल्यावर, शेवटच्या तीन-चार फुटांत दिसतो. आणि दुपारपर्यंत गवत वाढलेलं असतं, त्यामुळे सकाळचा वेग संध्याकाळी मिळत नाही.

इथेच तो जुना वाद येतो. आमच्या चौघांत एक गृहस्थ आहेत, त्यांच्या मते बेटावर "प्रत्येक पट समुद्राकडे वळतो". कॅडीही असं सांगतात, रिसॉर्टच्या पत्रकातही असतं. ज्वालामुखी बेटाच्या डोंगरउतारावर हे बऱ्यापैकी खरं आहे, पण त्याचं कारण डोंगर आहे. हवाईतल्या माउई बेटावर कापालुआचा प्लँटेशन कोर्स बघा, कूर आणि क्रेनशॉ यांनी आखलेला, १९९१ साली सुरू झालेला. तो अख्खाच डोंगराच्या उतारावर आहे. अशा ठिकाणी सगळी जमीनच तिरपी असल्यामुळे डोळा तिलाच सपाट मानतो आणि समुद्राकडे उतरणारा पट चढाचा वाटतो. म्हणून नियम लागू पडल्यासारखा दिसतो. पण सपाट प्रवाळी बेटावर डोंगरच नसतो. तिथे ग्रीनचा उतार पाणी निघून जावं म्हणून आखणाऱ्याने दिलेला असतो, आणि तो समुद्राच्या विरुद्ध दिशेलाही असू शकतो. शिवाय हेच गृहस्थ म्हणतात की ग्रेन मावळतीकडे वाढतो. मग पूर्व किनाऱ्यावर समुद्र एकीकडे आणि मावळती दुसरीकडे. चेंडूने जायचं कुठे? आधी उतार बघा, मग होलची कड, मग वारा. समुद्र कुठे आहे ते फोटो काढताना बघा.

वाऱ्याकडे वळतो, कारण तिथेही असाच एक गैरसमज आहे. बेटांवर व्यापारी वारे नियमित वाहतात: हवाई आणि कॅरिबियनमध्ये ईशान्येकडून, मॉरिशसला आग्नेयेकडून. सकाळी ते मंद असतात, उन्ह चढलं की वाढतात. शक्य असेल तर सातच्या आसपासचा टी टाइम (खेळ सुरू करायची वेळ) घ्या. समोरून वारा असेल तर ताशी १ मैलाला साधारण १ टक्का अंतर वाढवून धरा. पाठीमागून असेल तर फक्त अर्धा टक्का कमी करा. म्हणजे १५० यार्डांच्या शॉटला समोरून १० मैलांचा वारा असेल तर १६५चा क्लब, पाठीमागून असेल तर १४२-१४३चा. वाऱ्यात जोर लावून मारणं ही सर्वांत महागात पडणारी सवय. जोराने स्पिन वाढतो, चेंडू फुग्यासारखा वर चढतो आणि तिथेच पडतो. दोन नंबर लांबचा क्लब घ्या, ग्रिप इंचभर खाली धरा, स्विंग पाऊणच करा आणि फॉलो-थ्रू आखूड ठेवा.

"दमट हवा जड असते, चेंडू कमी जातो" हेही चूक. पाण्याची वाफ कोरड्या हवेपेक्षा हलकी असते, त्यामुळे दमट हवा उलट किंचित विरळ असते. मात्र हा फरक शॉटमध्ये जाणवण्याइतका नसतो. उष्णतेने मात्र चेंडू थोडा जास्त जातो: दर १० अंश सेल्सिअसला ड्रायव्हरवर तीन-चार यार्ड. चेंडू कमी गेला तर तो वाऱ्यामुळे, किंवा घामाने ग्रिप निसटल्यामुळे.

ग्रिपवरून आठवलं. भाड्याच्या क्लबची खरी अडचण तीच आहे: आधीच्या दहा जणांचं सनस्क्रीन त्यावर बसलेलं असतं. साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने सगळ्या ग्रिप पुसा आणि कोरड्या करा, पाच मिनिटांचं काम आहे. ग्लोव्ह तीन न्या, दर पाच-सहा होलला बदला, ओला बॅगेला बाहेर लटकवा. पावसाळी ग्लोव्हची जोडी असेल तर घामातही तीच घाला. ओली झाली की तिची पकड वाढते. स्वतःचं सनस्क्रीन ग्रीनवर उभं राहून फवारू नका, गवत जळतं.

भाड्याचा सेट घेताना लॉफ्ट विचारा. आजच्या सोप्या सेटमधली ७ नंबरची आयर्न २८ ते ३० अंशांची असते. तुमची जुनी ३४ची असेल तर एक पूर्ण क्लबचा फरक पडतो. लोक पहिल्या तीन होलला ग्रीनच्या पलीकडे जातात आणि सेट वाईट म्हणतात. राउंडआधी रेंजवर (सरावाच्या मैदानावर) ७ नंबरने दहा आणि पिचिंग वेजने दहा चेंडू मारा, अंतरं कार्डाच्या मागे लिहा. शाफ्ट रेग्युलर हवी की स्टिफ (ताठ), ते आधीच ईमेलने कळवा. तुमचे तीन क्लब टाकले की एकूण चौदाच्या वर जाऊ देऊ नका.

विमानात क्लब केबिनमध्ये नेऊ देत नाहीत. वेज साधारण ३५ इंच, पटर ३४, त्यामुळे नेहमीच्या सूटकेसमध्ये बसत नाहीत. एक पातळ पेन्सिल बॅग घ्या, डोक्यांना मोजे गुंडाळा, चेक-इनला द्या. पूर्ण बॅग प्रवासी कव्हरसह १५ किलोच्या आसपास जाते, आणि दोन राउंडसाठी ते ओझं वाहण्यात अर्थ नाही. लेझर रेंजफाइंडरच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या सामानात ठेवा. बूट स्वतःचेच न्या. चेंडू डझनभर, सगळे एकाच मॉडेलचे. लाव्हाच्या खडकात गेलेला चेंडू काढायला जाऊ नका. त्या दगडाने बूटही फाटतात आणि नडगीही.

बंकरमध्ये प्रवाळाचे तुकडे असतील तर ते उचलता येतात, २०१९पासून नियम तसा आहे. मात्र उचलताना चेंडू हलला तर एक शॉटचा दंड. खेकड्याच्या बिळात चेंडू गेला तर फुकट रिलीफ (दंडाशिवाय चेंडू हलवायची मुभा) मिळतो, पण बंकरमधलं बीळ असेल तर ड्रॉप बंकरमध्येच घ्यावा लागतो. नारळाच्या झाडात अडकला तर तो तुमचाच आहे हे ओळखता यायला हवं, तरच बुंध्याशी दोन क्लब-लेंथवर अनप्लेएबल (खेळता न येणारा चेंडू एका शॉटच्या दंडाने हलवणं) घेता येतो. ओळखता आला नाही तर चेंडू हरवला असंच धरतात. म्हणून चेंडूवर ठळक खूण सगळीकडून काढा.

आता सुरुवातीच्या उत्तराला काही अपवाद. तुम्ही डावखुरे असाल, किंवा उंचीमुळे क्लब लांब करून घेतले असतील, तर पूर्ण सेट न्या. भाड्याने तसा मिळेलच असं नाही. चार किंवा जास्त राउंड असतील तरीही न्या. ग्रीनला नव्या बुटक्या जातीचं बर्म्युडा, उदाहरणार्थ टिफईगल, असेल तर ते तीन मिलिमीटरच्या आसपास कापतात, आणि ग्रेनचा त्रास मी वर लिहिलाय त्यापेक्षा बराच कमी होतो. चिपचा त्रास तसाच राहतो. मॉरिशसला जाणार असाल तर नोव्हेंबर ते एप्रिल वादळांचा काळ आहे, कॅरिबियनला जून ते नोव्हेंबर, तेव्हा राउंड सुट्टीच्या पहिल्या दोन-तीन दिवसांतच लावा, म्हणजे एखादा पावसात गेला तर पुढे ढकलायला जागा राहील.