लोअर परळच्या गाजलेल्या बारमध्ये वाढदिवस करावा का?

तुम्ही विचारलंय की नवऱ्याच्या वाढदिवसाला आठ जणांना घेऊन लोअर परळच्या एखाद्या गाजलेल्या बार-रेस्टॉरंटमध्ये जावं का, आणि रीलमध्ये दिसतं तसं तिथे खरंच असतं का. दिसायला असतं, अगदी तसंच असतं. गप्पा मारायच्या असतील तर मात्र विचार करा.

त्याच भागात, जुन्या गिरणीच्या आवारातल्या एका जागेत आम्ही चौघे कॉलेजचे मित्र गेलो होतो. नाव घेत नाही. एक जण बऱ्याच वर्षांनी बंगळुरूहून आला होता, त्याच्यासाठीच सगळा घाट. महाराष्ट्रात बिअरला २१ आणि हार्ड दारूला २५ वर्षं पूर्ण लागतात, पण दारावरच्या माणसाने वय सोडून आमच्या चपला पाहिल्या. कोल्हापुरी बघून त्याने जरा नाक मुरडलं, मग सोडलं आत. आत गेल्यावर कळलं की साडेआठचं टेबल साडेदहाला रिकामं करावं लागेल. फोनवर बुकिंग घेताना हे कोणी बोललं नव्हतं. आधीची मंडळी उठेपर्यंत नऊ वाजले, साडेदहा मात्र साडेदहाच राहिले.

आमच्या टेबलामागेच स्पीकर. बंगळुरूवाला वडिलांच्या बायपासबद्दल सांगत होता आणि आम्ही तिघे नुसते माना डोलावत होतो, कारण ऐकूच येत नव्हतं. शेवटी त्याने समोर बसून व्हॉट्सॅप ग्रुपवर टाइप केलं: "बाबा आता बरे आहेत." आम्ही तिघांनी खाली बघून अंगठे पाठवले. आवाज कमी करा म्हणून वेटरला दोनदा सांगितलं. तो बिचारा हसला, त्याच्या हातात काय होतं?

खाण्याबद्दल फार लिहीत नाही. मेन्यू क्यूआर कोडवर, आणि तो स्कॅन करायला अंधारात मोबाइलचा टॉर्च. मिसळ टॅको मागवला, तर तर्री एवढ्याशा ड्रॉपरमध्ये आली, औषधासारखी थेंब थेंब घालायची. पावाबरोबरचा ठेचा गोड होता. ठेचा! कॉकटेलच्या ग्लासात बर्फाचा एकच मोठा चौकोनी खडा आणि त्याच्या कडेकडेने काय ती दारू. फोटो सुंदर आला, हे मान्य करतो.

बिल आलं तेव्हा त्यात १० टक्के सर्व्हिस चार्ज लावलेला. हे तुम्ही नीट वाचा, कारण आठ जणांच्या बिलात ही रक्कम लहान नसते. साध्या रेस्टॉरंटमध्ये जेवणावर ५ टक्के जीएसटी आणि दारूवर राज्याचा व्हॅट, हे द्यावेच लागतात. सर्व्हिस चार्ज हा सरकारी कर नाही. तो बिलात आपोआप लावू नये असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये सांगितलं, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही तेच उचलून धरलं. मॅनेजर आधी "सर, कंपनी पॉलिसी" म्हणाला. मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन लावतो म्हटल्यावर पाच मिनिटांत नवं बिल आलं. त्या वेटरला टिप आम्ही हातात दिली.

पैशांचं मला तितकंसं वाटलं नाही. मुंबईत शनिवारी रात्री बाहेर पडलं की खिसा रिकामा होतोच. पण मागच्या दरवाजाशी बिअरचे क्रेट रचून ठेवलेले दिसले, ते खटकलं. २९ डिसेंबर २०१७ ला कमला मिलच्या आगीत १४ माणसं गेली, ती याच भागात. तेव्हापासून कुठेही बसलो तरी बाहेर पडायची वाट आधी बघून ठेवतो. तुम्हीही बघा.

एवढं सगळं वाचूनही जायचंच असेल तर मंगळवार-बुधवार धरा. बुकिंग करतानाच विचारा: टेबल किती वाजेपर्यंत आपलं, त्या दिवशी डीजे आहे का, सर्व्हिस चार्ज लावता का. उत्तरं व्हॉट्सॅपवर लेखी मागून घ्या. सासू-सासरे बरोबर असतील तर डीजेच्या दिवशी नकोच. त्यापेक्षा दादर-परळकडच्या एखाद्या मालवणी फॅमिली बारचा एसी सेक्शन गाठा. तिथे सुरमई तव्यावरून थेट ताटात येते आणि दुसऱ्या सोलकढीपर्यंत कोणी उठवायला येत नाही. केक आपला आपण न्या, फ्रीजमध्ये ठेवतात.