भावाशी बोललात का?

प्रश्न : माझा धाकटा भाऊ ३८ वर्षांचा आहे. मानेखालचं शरीर हलत नाही; बुद्धी, बोलणं अगदी स्वच्छ. आई होती तोवर तिनं सगळं केलं. आता नातेवाईक म्हणतात, ‘चांगल्या संस्थेत ठेव, आबाळ होणार नाही.’ तो म्हणतो, ‘मी इथेच राहणार.’ मला नोकरी सोडणं शक्य नाही. काय करू?

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातला ‘ठेव’ हा शब्द मला फार टोचला. मी स्वतः सहा वर्षं संस्थेत होते. आबाळ मुळीच झाली नाही. जेवण वेळेवर, चादरी स्वच्छ. पण दिवे नऊला जायचे, मग पुस्तक कुठल्याही पानावर असो. रात्री मला कूस कधी बदलून द्यायची, ते पाळीवरच्या बाई ठरवायच्या. एकदा मैत्रीण लांबून आली आणि भेटीची वेळ संपली म्हणून दारातूनच परत गेली. ते मी अजून विसरले नाही.

कुठे आणि कुणाबरोबर राहायचं, हे इतरांसारखंच अपंग व्यक्तीनंही ठरवायचं असतं. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ सालच्या अपंग हक्क कराराचं १९वं कलम हेच सांगतं. घरी येणारा मदतनीसही त्याच कलमात हक्क म्हणून आहे. ही व्यवस्था उभी करणं करार मान्य केलेल्या सरकारांचं काम आहे, एकट्या बहिणीचं नव्हे. तेव्हा नोकरी सोडू नका.

अमेरिकेतल्या एड रॉबर्ट्स यांना १४व्या वर्षी पोलिओ झाला. मानेखाली जवळजवळ काही हलेना, श्वासालाही यंत्र लागे. ते विद्यापीठात शिकले, आणि १९७२ साली बर्कलीत अपंगांनीच चालवलेलं स्वतंत्र जगण्याचं केंद्र उभं करण्यात पुढे राहिले. सदरा दुसऱ्यानं चढवला तरी चालतं; कोणता, ते आपण सांगायचं.

आज भावाजवळ बसा. सकाळी उठल्यापासूनचा दिवस त्याला सांगू द्या : कुठे मदत लागते, कुणाची चालेल, कुणाची नको. तुम्हाला जे जमणार नाही, तेही मोकळेपणानं सांगा. तो ३८ वर्षांचा आहे, ऐकून घेईल. मदतनीस निवडताना प्रश्न त्यानंच विचारावेत. नाहीतर राहतं घरसुद्धा संस्था होतं. करारावर देखरेख करणाऱ्या समितीनं २०१७ मध्ये हे स्पष्ट लिहिलं आहे.

नातेवाईक पुन्हा आले, तर हे बोलणं बाहेरच्या खोलीत हळू आवाजात नको. त्याच्या पलंगाशेजारी खुर्च्या मांडा.